शांतवनची साहेबी रीत

नगरच्या माळीवाडा वेशीबाहेर काकासाहेब देशमान्यांचा गालिच्यांचा कारखाना होता. तिथल्या पायरीशी गोरं माणूस आलं की आतून एकच हाक उठायची, शांतवनला बोलवा. मग शांतवन भिंगारदिवे मागच्या बाजूनं यायचा. घाई नाही, गडबड नाही. कोटाची सगळी बटणं लावलेली, केस पाण्यानं चापूनचोपून बसवलेले, आणि मालकाच्या सताड उघड्या दारावरसुद्धा दोन बोटांनी टकटक करून मगच आत. काकासाहेब म्हणायचे, अरे, दार उघडंच आहे की. पण ती टकटक मालकासाठी नव्हतीच मुळी. समोर बसलेल्या साहेबाला कळायला नको का, की या धुळीच्या गावात रीतभात जाणणारा एक तरी माणूस आहे!

ही रीत त्यानं पुस्तकातून उचललेली नव्हती. त्याचा बाप मिशनच्या बंगल्यावर एका अमेरिकन पाद्र्याकडे बबर्ची होता आणि आई तिथंच धुण्याभांड्याला. शांतवनचं सगळं बालपण त्या बंगल्याच्या मागच्या व्हरांड्यात गेलं. मडमसाहेब कशानं हसतात आणि कशानं एकदम गप्प होतात, हे बघता बघता त्याच्या अंगात भिनलं. त्यांना वय विचारायचं नाही, पगार विचारायचा नाही. जेवायला नको म्हणाले की नको, पुन्हा वाढायला वाकायचं नाही. चारला बोलावलं तर चारलाच चहा टेबलावर हवा. माल खराब निघाला तर सरळ खराब आहे म्हणून सांगायचं. त्याचा त्यांना राग येत नाही, लपवाछपवीचा येतो.

एकदा छावणीतल्या कप्तानाची बायको गालिचा बघायला आली, तर काकासाहेबांनी मोठ्या मायेनं विचारलं, बाई, लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून मूलबाळ कसं नाही? शांतवननं इंग्रजीत सांगताना तो प्रश्न गिळून हवापाण्याचा प्रश्न केला. बाईंनी नगरच्या उकाड्यावर लांबलचक उत्तर दिलं, गालिचा घेतला आणि हसत गेल्या. काकासाहेबांना खरा प्रकार पुढं कळला तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. तेव्हापासून शांतवनशिवाय ते गोऱ्या माणसाशी एक अक्षर बोलत नसत. आणि शांतवनला तरी दुसरं काय हवं होतं? मागावरचे विणकर त्याला मागं "साहेब" म्हणून चिडवायचे, ते त्याच्या कानावर येई, आणि खरं सांगायचं तर त्याला त्यात गोडच वाटे.

त्याची बायको मरिया त्याच कारखान्यात विणकर होती. हात असा चालायचा, की बोटं दिसू नयेत. कारखान्याच्या कचेरीत मालकाच्या खुर्चीमागं भिंतीवर एक गालिचा टांगलेला होता, तो तिचा. तांबडी जमीन, काळी किनार, मधे चिंचेच्या पाल्याची नक्षी. खालच्या एका कोपऱ्यात तांबडी लोकर पुरली नाही, नवीन रंगवायला वेळ नव्हता, म्हणून तिनं विटकरी लोकर लावून काम उरकलं होतं. एकेचाळीस साली टायफॉइडनं मरिया गेली. शांतवनच्या घरात तिचं लुगडं राहिलं, बायबल राहिलं, पण तिच्या हातचं विणलेलं काही नव्हतं. विणकराच्या घरी गालिचा कुठला! तिचं जे काही होतं ते त्या भिंतीवर. काकासाहेबांनी माणुसकी दाखवली. गिऱ्हाइकानं कितीही मागितला तरी म्हणायचे, हा विकायचा नाही. शांतवन रोज सकाळी कचेरी उघडली की आधी त्या गालिच्यावरची धूळ झटकायचा. जुन्या माणसांना सगळ्यांना हे माहीत होतं, त्यामुळं कुणी बोलून दाखवत नसे.

लढाई संपली आणि शेचाळीस सालात गोरक्षनाथ आला. तिसगावचा गडी, फौजेत सप्लायकडं बसऱ्याला तीन-चार वर्षं काढून परतलेला. उंच, आवाजानं खणखणीत, मिशीला पीळ. लोकरीच्या कोठारावर त्याला लावला. आल्या दिवसापासून त्याचं तोंड म्हणजे नुसता रेडिओचा डबा. अरब असे, इराणी तसे, कॉफीची वाटी अशी हलवली की बास, नाही हलवली तर ओततच राहतात. विणकर माग सोडून ऐकत बसायचे. शांतवन कोटाची बटणं चाचपत लांबून बघायचा आणि मनात म्हणायचा, फौजी बाता, दुसरं काय!

बात खरी निघाली ती बसऱ्याचा हाजी आला तेव्हा. मोठा व्यापारी, मुंबईला आला होता, कुणीतरी नगरचं नाव सांगितलं म्हणून दौंडवरून गाडीनं थेट इकडं. शांतवननं त्याला अगदी शिस्तीत बसवलं. टेबलावर फराळ होता. घेणार का म्हणून अदबीनं विचारलं. हाजी हात छातीशी नेऊन नको म्हणाला. नको म्हणजे नको! शांतवननं बशी उचलली, आत पाठवली आणि लागलीच मालाचं बोलणं काढलं. हाजीचा चेहरा हळूहळू लाकडासारखा झाला. भाव ऐकून मान हलवायचा आणि दाराकडं बघायचा. काकासाहेब घामाघूम, शांतवनला कळेना चुकतंय कुठं.

तेवढ्यात लोकरीचा नमुना घेऊन गोरक्षनाथ आत आला. टकटक नाही, बिकटक नाही. हाजीचं तोंड बघितलं आणि काय समजायचं ते समजला. नमुना कोपऱ्यात टाकला, आतून ती बशी परत आणली, हाजीपुढं बसला आणि मोडक्या अरबीत डोळे मोठे करून, स्वतःच्या डोक्याची शपथ घालून खाऊ घालू लागला. हाजी नको नको म्हणत सगळी बशी खाऊन गेला! मग हाजीनं सहज गोरक्षनाथच्या मनगटावरच्या फौजी घड्याळाची तारीफ केली. यानं पटकन घड्याळ काढलं आणि त्याच्या हातावर ठेवलं, घ्या, तुमचंच आहे. हाजीनं छातीला हात लावला, डोळ्यांत पाणी आणलं आणि ते घड्याळ स्वतःच्या हातानं परत गोरक्षनाथच्या मनगटावर बांधलं. मग मालाचं बोलणं निघालं ते घासाघीस न होताच संपलं.

दुपारी चहाला सगळे त्याच्याभोवती जमले. गोरक्षनाथ म्हणाला, त्याचं काय हाय, त्यांच्यात वस्तूचं कौतुक केलं की तुमचीच हाय म्हणायचं. घेत न्हाई कुनी. पन म्हनलं न्हाई तर मानूस चिक्कू ठरतो. काकासाहेब मांडीवर थाप मारून हसले. म्हणाले, इतकी वर्षं शांतवन आम्हाला सांगतोय, पाहुण्याला आग्रह करू नका, आग्रह करू नका. अरे, हा हाजी तर आपल्यासारखाच निघाला की!

ते ऐकून शांतवनच्या अंगाचा तिळपापड झाला. चूक झाली होती, ते त्यालाही कळत होतं. त्यानं सगळ्या परदेशाला एकाच बंगल्याच्या व्हरांड्यातून बघितलं होतं. पण चूक कळणं वेगळं आणि चुकलेल्याच्या नावानं हशा होणं वेगळं. त्या दिवसापासून त्याला गोरक्षनाथचं काही म्हणता काही सोसेना. त्याचं हसणं खुपायचं. विणकरांनी त्याला चहा आधी दिला की खुपायचं. शांतवनची मुलगी कृपा मिशनच्या शाळेत शिकवायची. तिनं एकदा जेवताना विचारलं, बाबा, ते बसऱ्याचे गोरक्षनाथ लई गमती सांगतात म्हणे? शांतवननं ताट सरकवलं आणि उठून गेला. पोरीला बिचारीला कळलंच नाही आपलं काय चुकलं.

त्यातच काकासाहेबांनी मुंबईला फोर्टात दुकान घ्यायचं ठरवलं. लढाईनंतर परदेशी गिऱ्हाईक तिथंच उतरणार, तिथंच माल बघणार. दुकानात बसायला माणूस हवा. खोली मिळणार, पाटीवर काकासाहेबांच्या खाली त्याचं नाव लागणार. दोन वर्षांमागं विचारलं असतं तर अख्ख्या कारखान्यानं शांतवनचं नाव घेतलं असतं. आता काकासाहेब म्हणायचे, बघू. त्या "बघू"नं शांतवनची झोप उडवली. त्याला मुंबईची हौस नव्हती. पण नगरच्या माणसांनी म्हणावं की साहेब लोकांशी बोलायचं तर शांतवननंच, एवढ्यावर तो उभा होता. ते गेलं की त्याच्याजवळ बटणं लावलेला कोट तेवढा उरत होता.

आणि अशात मिसेस हार्लो आल्या. अमेरिकन बाई, घरसामानाच्या मोठ्या दुकानासाठी माल धुंडाळत फिरणाऱ्या. पुण्याहून मोटारीनं आल्या. काकासाहेबांनी दोघांनाही कचेरीत उभं केलं. शांतवनला वाटलं, परीक्षाच घेतायत. त्यानं वेळेवर चहा आणला, एकदाच विचारलं, बाईंनी एकच कप घेतला, सगळं कसं जिथल्या तिथं. लोकर कुठली, रंग पक्का का, बाई विचारायच्या आणि शांतवन खरं काय ते सांगायचा. हिरवा रंग उन्हात उडतो, हेही त्यानं सांगून टाकलं. बाई खूश झाल्या. शांतवनला कितीतरी दिवसांनी छाती भरून श्वास घेता आला.

मधेच काकासाहेबांना अंगणात कुणीतरी बोलावलं म्हणून ते बाहेर गेले. बाई उठल्या, खुर्चीमागं गेल्या आणि भिंतीवरचा गालिचा बघत राहिल्या. मग वाकून त्या विटकरी कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, हा कोपरा किती सुंदर आहे, इथं विणणारीचा जीव दिसतो. मशिनीचा माल बघून बघून कंटाळलेल्या बाई त्या, मनापासून बोलल्या.

इतक्या वर्षांत त्या कोपऱ्याला कुणी सुंदर म्हटलं नव्हतं. शांतवन काही बोलणार, तोच गोरक्षनाथ पुढं झाला. ही कारखान्यातली नमुन्याची वस्तू, एवढंच तो समजत होता. बसऱ्याची सवय अंगात, समोर पाहुणी कौतुक करतेय, मागं कसा राहील? त्यानं टाचा जुळवल्या, हात पसरला आणि फौजी इंग्रजीत म्हणाला, मॅडम, तुमचाच आहे, घेऊन टाका.

बाईंनी डोळे विस्फारले. खरंच?

शांतवनला त्या क्षणी पुढचं सगळं दिसलं. ही हाजी नव्हे. ही अमेरिकन बाई आहे. हिला देतो म्हटलं की देतो. ही छातीला हात लावून परत करणार नाही, ही आनंदानं घेणार. एक वाक्य बोललं असतं तरी काम होतं. मॅडम, हा माझ्या दिवंगत बायकोच्या हातचा आहे, इतकंच. बाईंनी मागं सरून क्षमा मागितली असती. वाक्य जिभेवर आलंही होतं.

पण त्याच क्षणाला त्याच्या मनात दुसरंच उठलं. घेऊ दे की. होऊ दे याची फजिती. काकासाहेब परत येतील, भिंत रिकामी बघतील, आणि मग कळेल त्यांना, बसऱ्याची अक्कल नगरच्या कचेरीत कुठं नेते ती. मुंबईची गोष्ट सोडाच, कोठारावर तरी ठेवतील का याला? आणि गालिच्याचं काय, बाईंशी दोन शब्द बोलून आपण तो परत घेऊ. आपल्याला येतं ते. शांतवन भिंतीला टेकून गप्प उभा राहिला. त्याला चक्क आनंद होत होता, आणि तो आनंद चांगला नाही हे कळत असूनही तो घोट घोट घेत होता.

गोरक्षनाथ एव्हाना गोंधळला होता. बाई परत देईनात! पण बोललेला शब्द फिरवणारा तो नव्हता. त्यानं स्टुलावर चढून गालिचा काढला. काकासाहेब आत आले तेव्हा तो बाईंच्या हातावर होता आणि बाई गोरक्षनाथचा हात धरून सांगत होत्या, इतक्या देशांत फिरले, असं मन कुठं पाहिलं नाही. मोठी ऑर्डर मी तुम्हालाच देणार.

काकासाहेबांनी आधी रिकामी भिंत बघितली, मग शांतवनकडं बघितलं. त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "शांतवन, तुझ्या मनाविरुद्ध असेल तर अजून बोल. ऑर्डर गेली तर गेली."

घ्या! मालकानं दार उघडून दिलं होतं. पण शांतवन वाट बघत होता ती मालक गोरक्षनाथवर कधी कडाडतात त्याची, आणि मालकांच्या आवाजात रागाचा मागमूस नव्हता. उलट दया होती. गोरक्षनाथच्या देखत ही दया? त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो ताठ होऊन म्हणाला, "माझी कसली हरकत? माल कारखान्याचा आहे."

मग तो गालिचा त्यानंच बांधला. बाईंनी सांगितलं होतं, नीट बांधणारं माणूस हवं, आणि नीट काम शांतवनचंच. त्यानं विटकरी कोपरा आत घेऊन गुंडाळी केली, वर तागाचं किंतान शिवलं आणि मोटारीत नेऊन ठेवलं. मोटार पुण्याच्या रस्त्याला लागली तेव्हा काकासाहेब गोरक्षनाथच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होते, तयारी करा, दिवाळीनंतर मुंबईचं दुकान तुम्हीच बघायचं.

शांतवन लवकर घरी आला. कृपा अजून शाळेतून आली नव्हती. तो ओट्यावर बसला आणि आपण काय केलं याचा विचार करायचं सोडून गोरक्षनाथनं आपलं काय काय घेतलं तेच मोजत बसला.

दिवस कलताना गोरक्षनाथ आला. धावतपळतच आला असावा, फेटा सुटलेला, मिशी खाली आलेली. गालिचा कुणाच्या हातचा होता ते त्याला रंगनाथ विणकरानं सुटी झाल्यावर सांगितलं होतं. ओट्याच्या पायरीवर तो मटकन खालीच बसला. मग म्हणाला, "मामा, मला ठावं न्हवतं. आईच्यान सांगतो, ठावं न्हवतं."

शांतवन कोटाची बटणं चाचपत राहिला.

"तुमी तिथंच हुता. येक शबुद तरी बोलायचा व्हता, मामा. मी बाईचं पाय धरलं असतं."

गोरक्षनाथ उत्तराला थांबला नाही. तो सगळं ठरवूनच आला होता. बाई मुंबईला हॉटेलात उतरणार, बोट परवा. तो आत्ता स्टेशनवर जाणार, मिळेल त्या गाडीनं मुंबई गाठणार आणि गालिचा परत मागणार. ऑर्डर गेली, दुकान गेलं, नोकरी गेली तरी बेहत्तर. "फकस्त मला येवढं सांगा, मामा. त्यांच्या रितीनं मागायचं कसं? म्या पुन्यांदा चुकू नये."

शांतवननं त्याच्याकडं बघितलं. उत्तर त्याला पाठ होतं. त्याच्या लहानपणी एका मडमसाहेबांनी त्याच्या आईच्या गोधडीचं कौतुक केलं होतं, आणि आई भिडेनं म्हणाली होती, न्या की. मडमनं नेलीही. रात्रभर आई रडली. सकाळी बापानं जाऊन सरळ सांगितलं, ती गोधडी तिच्या आईची होती. मडम चिखलातून पळत आली, गोधडी परत दिली, आईला पोटाशी धरलं आणि जन्मभर त्यांच्याशी अधिकच मायेनं वागली. सरळ खरं सांगायचं, बस. मिसेस हार्लोंनी तर ऑर्डरही ठेवली असती आणि गालिचाही हसत दिला असता.

दिला असता, पण कुणाच्या हातात? या तिसगावच्या गड्याच्या. मग हा तो गालिचा खांद्यावर टाकून नगरच्या स्टेशनवर उतरणार. काकासाहेब त्याला मिठी मारणार. विणकर सांगत सुटणार की बघा, शांतवनच्या बायकोची वस्तू गोरक्षनाथनं परत आणली. कृपा त्याला दादा म्हणून जेवायला बसवणार. मरियाच्या गालिच्याकडं बघितलं की यापुढं रोज गोरक्षनाथच दिसणार.

"त्यांच्यात दिलेलं परत मागत नाहीत," शांतवन म्हणाला. आवाज अगदी शांत, बंगल्याच्या व्हरांड्यातला. "मागितलं की त्यांना अपमान वाटतो. माणूस कायमचं तुटतं. बाईंच्या मनाला लागेल. राहू दे."

गोरक्षनाथ त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. मग त्यानं मान खाली घातली. साहेब लोकांच्या रीतीत शांतवनचा शब्द शेवटचा, हे त्यानंही आल्या दिवसापासून ऐकलं होतं. फेटा हातात घेऊन तो उठला, दोन्ही हात जोडले.

"बरं झालं तुमाला इचारलं, मामा," तो म्हणाला. "मी उगा चार बोली शिकलो. गोऱ्या मानसाची खरी पारख तुमालाच. काकासाहेबांना मी आजच सांगतो, दुकानात तुमालाच बसवा."